तालिन : कोणी पाहिले, याचीही नोंद

तालिनच्या जुन्या गावात, नगरभवनासमोरच्या चौकाच्या एका कोपऱ्यावर, औषधाचे एक दुकान आहे. स्थानिक भाषेत त्याला 'राएआप्तेक' म्हणतात. नगरसभेचे औषधालय असा त्याचा साधा अर्थ. ते पहिल्यांदा कधी उघडले हे कोठेही लिहिलेले नाही. १४२२ सालच्या नगरसभेच्या वहीत मात्र त्याच्या तिसऱ्या मालकाचा उल्लेख आहे, आणि तेवढ्या एका ओळीवरून ते त्याहूनही जुने ठरते. पुढे सोळाव्या शतकाच्या अखेरीस हंगेरीकडून आलेल्या बुर्खार्ट घराण्याकडे ते गेले आणि तीनशेहून अधिक वर्षे, दहा पिढ्या, त्याच घराण्यात राहिले. आतल्या दालनात जुन्या औषधांचे प्रदर्शन मांडलेले आहे. वटवाघळाची पूड, सापाच्या कातीचे औषध, एकशिंगी अश्वाच्या शिंगाची म्हणून विकली जाणारी भुकटी असे त्या काळचे अनेक प्रकार तेथे ऐकायला आणि पाहायला मिळतात. ही औषधे घेऊन कोण बरे झाले, याची नोंद अर्थातच नाही. औषध विकल्याची नोंद होते, पण घेणाऱ्याचे पुढे काय झाले याची होत नाही, हा प्रकार पाचशे वर्षांपूर्वीचाच आहे असे नाही.

एस्टोनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा लहानसा देश. लोकसंख्या चौदा लाखांहूनही कमी; म्हणजे २०११च्या जनगणनेत एकट्या नाशिक शहराची जेवढी होती त्याहून थोडी कमीच. हेलसिंकीहून जहाजाने निघाले की दोन तासांत तालिनचा किनारा आणि चर्चचे उंच मनोरे दिसू लागतात. माझी भाची तेथे एका संगणक कंपनीत नोकरी करते. तिच्या आग्रहावरून मी आणि यजमान मे महिन्याच्या अखेरीस तीन आठवडे तेथे राहून आलो. त्या दिवसांत रात्री दहानंतरही आकाशात उजेड असतो आणि लायलॅकच्या फुलांचा वास गल्ल्यांतून रेंगाळतो. ज्येष्ठांनी जाण्यापूर्वी एक लक्षात घ्यावे. जुन्या गावाचे रस्ते गोटे बसवलेले आहेत. गुडघेदुखी असणाऱ्याने काठी आणि जाड तळव्याचे बूट नेल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. टेकडीवरच्या तोम्पेआकडे नेणाऱ्या दोन चढणींची नावे 'लांब तंगडी' आणि 'आखूड तंगडी' अशी आहेत. एक पाय लांब, एक आखूड, म्हणून आमचे गाव लंगडते, अशी तेथील लोकांची थट्टा. यजमानांनी आखूड तंगडी एकदा पाहिली आणि दुरूनच नमस्कार केला.

भाचीच्या शेजारी एक आजी राहतात. वय ऐंशीच्या पुढे, एकट्याच. एके दिवशी बंदराजवळच्या औषधाच्या दुकानात त्या जात होत्या, तेव्हा आम्हीही बरोबर गेलो. त्यांच्या हातात चिठ्ठी नव्हती, जुने वेष्टन नव्हते, 'ती पांढरी लहान गोळी' असे वर्णनही त्यांनी केले नाही. पर्समधून ओळखपत्र काढून समोर ठेवले. औषधविक्रेत्या मुलीने ते यंत्रात घातले, पडद्यावरची यादी वाचली, रक्तदाबाची आणि थायरॉइडची दोन पाकिटे आणून दिली, पैसे घेतले. सारे तीन मिनिटांत झाले. आजींनी त्या आधी डॉक्टरांना केवळ दूरध्वनी केला होता. नेहमीचीच औषधे असल्याने त्यांना दवाखान्यात जावे लागले नव्हते.

"कागद नाहीच?" यजमानांनी मराठीतच विचारले.

"काका, येथे जवळजवळ सगळी औषधे अशीच मिळतात," भाची म्हणाली.

यजमानांच्या खांद्याला तेव्हा त्यांची ती सुप्रसिद्ध निळी पिशवी लटकत होती. पाटबंधारे खात्यात उभी हयात दप्तरे सांभाळलेला हा माणूस. स्वतःच्या प्रकृतीचे दप्तर तो दुसऱ्याच्या हाती कसा देईल? पिशवीत काय नाही! अँजिओप्लास्टीनंतरचे डिस्चार्ज कार्ड, हृदयात बसवलेल्या स्टेंटचे स्टिकर लावलेला कागद, गेल्या दहा वर्षांतील साखरेचे आकडे, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या तीन वेगवेगळ्या अक्षरांतील चिठ्ठ्या, एक्स-रेची मोठी पाकिटे, आणि आता घरातल्या कोणत्याही संगणकात न उघडणारी एक सीडी. ईसीजीच्या गुळगुळीत कागदावरील रेषा तर पुसट होत चालल्या आहेत. तो कागद उष्णतेने छापला जातो, आणि ऊन, उष्णता व प्लॅस्टिकचे वेष्टन यांनी त्यावरचे काळे हळूहळू उडून जाते. ज्यांच्या घरी हृदयरोगी आहे त्यांनी अशा कागदांची छायाप्रत वेळीच काढून ठेवावी. पहिल्या झटक्याच्या वेळचा ईसीजी पुढच्या डॉक्टरला तुलनेसाठी हवा असतो, आणि नेमका तोच कोरा झालेला असतो.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी अशी एक पिशवी असते. तिच्यात सर्व काही असते. परंतु मध्यरात्री रुग्णवाहिका दाराशी आली असता त्यातले हवे ते पान सापडत नाही. ज्या व्यक्तीला ते पान कोठे आहे हे ठाऊक असते, नेमकी तीच त्या वेळी स्ट्रेचरवर असते.

एस्टोनियाने ही पिशवी २००८ साली देशभरासाठी एकत्र शिवायला घेतली. रुग्णालयांनी आणि डॉक्टरांनी उपचारांचे सारांश व तपासण्यांचे अहवाल मध्यवर्ती आरोग्य माहिती प्रणालीकडे पाठवावेत, असे तेथे कायद्याने ठरले. त्याआधीचा पाया तयार होता. वेगवेगळ्या खात्यांचे संगणक परस्परांशी सुरक्षितपणे बोलू शकतील अशी व्यवस्था २००१ पासून आणि चिप असलेले ओळखपत्र २००२ पासून होते. २०१० च्या जानेवारीत औषधांच्या चिठ्ठ्या संगणकावर आल्या. रुग्णवाहिकेतील डॉक्टर ओळख क्रमांकावरून रुग्णाचा रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधे, अलीकडचे उपचार पाहू शकतो. बेशुद्ध माणसाच्या वतीने त्याची नोंद बोलते. पुढे २०१६ मध्ये एक मोलाची भर पडली. डॉक्टर नवे औषध लिहू लागला की रुग्णाच्या आधीच्या औषधांशी त्याचा विरोध आहे का, हे संगणक तपासून सावध करतो.

ज्येष्ठांच्या दृष्टीने या शेवटच्या सोयीचे मोल सर्वांत अधिक आहे असे मला वाटते. सत्तरीनंतर माणसाचे डॉक्टर वाटले जातात. हृदयाचे एक, गुडघ्याचे दुसरे, प्रोस्टेटचे तिसरे. हृदयाच्या डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवण्याची गोळी दिलेली असते आणि गुडघ्याचे डॉक्टर, त्यांना ते न सांगितल्यास, वेदनाशामक लिहून देतात. दोन्ही एकत्र आल्या की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. दोघांपैकी कोणाचेही चुकलेले नसते. एकाचे अक्षर दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर आलेले नसते, इतकेच. एकाच रुग्णाच्या दोन कागदांची गाठ घालून देणे हे काम संगणक उत्तम करतो. आपल्याकडे सध्या ते काम घरातील सून, मुलगी किंवा पत्नी करते, आणि तिला त्या गोळ्यांची नावे उच्चारताही येत नसतात.

आता ज्या गोष्टीमुळे मी हे लिहायला बसले तिच्याकडे वळते.

जुन्या गावात पिक्क आणि पागारी या रस्त्यांच्या कोपऱ्यावर एक देखणी इमारत आहे. सोव्हिएत काळात गुप्त पोलिसांचे मुख्य कार्यालय येथे होते. तळघरातील कोठड्या आता संग्रहालय म्हणून खुल्या आहेत. आतील किंकाळ्या रस्त्यावर ऐकू जाऊ नयेत म्हणून तळघराच्या खिडक्या विटांनी बुजवल्या होत्या, असे तेथे सांगतात. पायऱ्या उतरून खाली गेल्यावर मला फार वेळ थांबवले नाही. १९४० मध्ये सोव्हिएत सैन्य आले, मग जर्मन, १९४४ मध्ये पुन्हा सोव्हिएत. आणि १९९१ मध्ये हा देश परत स्वतंत्र झाला. मधली चार-पाच दशके येथील प्रत्येक माणसाविषयी कोठेतरी काहीतरी लिहून ठेवले जात होते, आणि काय लिहिले आहे हे त्या माणसाला कधीच कळत नव्हते.

अशा लोकांनी आपल्या आजारांची सारी माहिती सरकारी संगणकात ठेवायला मान्यता तरी कशी दिली? हा प्रश्न मी भाचीकरवी शेजारच्या आजींना विचारला. त्यांनी उत्तरादाखल टॅबलेट उघडला, ओळखपत्र जोडले, सांकेतिक आकडे दाबले आणि एक पान दाखवले. ते त्यांच्या रोगांचे पान नव्हते. त्या पानावर केवळ तारखा, वेळा आणि नावे होती: कोणत्या डॉक्टरने, कोणत्या रुग्णालयातून, केव्हा त्यांची माहिती उघडली. स्वतःच्या कागदांत कोण डोकावले हे तेथील प्रत्येक नागरिकाला घरबसल्या पाहता येते. विनाकारण डोकावणे हा गुन्हा ठरतो, आणि शेजाऱ्याच्या, नातलगाच्या किंवा परिचिताच्या नोंदी कुतूहलापोटी उघडणाऱ्या कर्मचाऱ्यांना दंड झाल्याची उदाहरणे तेथे आहेत. नको असेल तो कागद डॉक्टरांपासूनही बंद करून ठेवता येतो.

आजींनी बोट ठेवून एक ओळ दाखवली. मागल्या हिवाळ्यात डोळ्यांच्या एका दवाखान्यातून त्यांची माहिती पाहिली गेली होती. आपण तर त्या महिन्यात तेथे गेलो नाही, असे वाटून त्यांनी दूरध्वनी केला. शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षायादीसाठी तेथील डॉक्टरांनी कागद पाहिले होते, असा खुलासा मिळाला. "कारण योग्य होते," त्या म्हणाल्या, "पण विचारल्यावर त्यांना उत्तर द्यावे लागले." पूर्वी विचारणाराच कोठडीत जायचा, हे वाक्य त्यांनी उच्चारले नाही, भाचीने नंतर जोडले.

त्यांनी आणखी एक गोष्ट सहज सांगितली. औषधे आणण्याचा अधिकार त्यांनी आपल्या मुलाला दिला आहे. हिमवर्षावात दुकानापर्यंत जाववत नाही. पण कागद पाहण्याचा अधिकार मुलाला दिलेला नाही. का, असे विचारण्याचे धाडस मला झाले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. मुलाशी त्यांचे उत्तम सूत आहे. दर रविवारी तो जेवायला येतो, हे मी पाहत होते.

म्हणून तेथे सारे आलबेल आहे असे कोणी समजू नये. २०१० मध्ये संगणकीय चिठ्ठ्या सुरू झाल्या तेव्हा यंत्रणेवर ताण येऊन दुकानांपुढे रांगा लागल्या होत्या. २०१४ मध्ये तेथील लेखापरीक्षण कार्यालयाने स्पष्ट शब्दांत सुनावले की, औषधांच्या चिठ्ठ्या वगळता या व्यवस्थेचा फारसा वापरच होत नाही आणि ठरवलेली उद्दिष्टे गाठलेली नाहीत. नोंदी जमत होत्या, पण डॉक्टरांना उपयोगी पडतील अशा रूपात त्या मिळत नव्हत्या. २००७ मध्ये या देशातील बँका, वृत्तपत्रे आणि सरकारी खाती यांच्या संगणकांवर बाहेरून मोठे हल्ले झाले. २०१७ मध्ये तर ओळखपत्राच्या चिपमध्येच दोष सापडला. साडेसात लाखांच्या आसपास पत्रे त्यात आली आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची डिजिटल प्रमाणपत्रे थांबवून नवी द्यावी लागली. डॉक्टर आणि आरोग्यसेवक यांना त्यात अग्रक्रम दिला गेला, कारण कार्ड चालले नाही तर चिठ्ठी लिहिता येत नाही. सर्व अंडी एका टोपलीत ठेवल्यावर टोपलीच्या कड्या रोज तपासाव्या लागतात.

२०२४ मधली चोरी मात्र मला अधिक बोधक वाटते. त्या वर्षी सुमारे सात लाख लोकांची माहिती बाहेर गेल्याचे उघड झाले. ती सरकारी आरोग्य प्रणालीतून गेलेली नव्हती. औषधदुकानांच्या एका साखळीने ग्राहकांना सवलतीसाठी दिलेल्या कार्डांची ती माहिती होती, आणि कोणी काय विकत घेतले हेही त्यात होते. तिजोरी शाबूत राहिली आणि चोर अंगणातल्या पेटीवर आला. आपण आपल्या औषधवाल्याकडे दहा टक्के सवलतीसाठी मोबाइल क्रमांक आणि जन्मतारीख किती सहज सांगतो, याचा येथे विचार व्हावा.

तालिनमध्ये आम्ही दोघे या व्यवस्थेत कोणीच नव्हतो. ओळख क्रमांक नाही, म्हणजे नोंद नाही. आमच्यापाशी होती ती निळी पिशवी, आणि तिचे मोल त्या तीन आठवड्यांत मला नव्याने कळले. परदेशी जाताना यजमानांच्या औषधांची मूळ रासायनिक नावे, प्रत्येकाची मात्रा, स्टेंटची तारीख, ॲलर्जी आणि रक्तगट असा एक कागद इंग्रजीत टंकित करून आम्ही दोघांनी वेगवेगळ्या खिशांत ठेवला होता. व्यापारी नाव देशोदेशी बदलते, रासायनिक नाव बदलत नाही. संगणक कितीही सुधारो, हा एक कागद प्रत्येक ज्येष्ठाने आणि त्याची काळजी घेणाऱ्याने बाळगावा असे माझे स्पष्ट मत आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे संगणक नोव्हेंबर २०२२ मध्ये सायबर हल्ल्याने बंद पडले, तेव्हा सुमारे दोन आठवडे तेथील नोंदणी आणि अहवाल हाताने लिहावे लागले होते.

आपल्याकडेही वाट आखली गेली आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यातील 'आभा' हा चौदा अंकी क्रमांक आहे. ज्येष्ठ मंडळी त्याची आणि आयुष्मान कार्डाची नेहमी गल्लत करतात. आयुष्मान कार्ड, आणि सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून मिळणारे वय वंदना कार्ड, ही उपचारांचा खर्च मिळण्यासाठी आहेत. आभा क्रमांकाने पैसे मिळत नाहीत; तो केवळ आपल्या कागदांना बांधणारा दोरा आहे. तो काढणे ऐच्छिक आहे. नोंदी जेथे तयार झाल्या त्या रुग्णालयातच राहतात आणि आपण संमती दिली तरच दुसऱ्या डॉक्टरला, ठरावीक मुदतीपुरत्या, दिसतात. संमती मागे घेता येते. कोणाला दिली याची यादी ॲपमध्ये पाहता येते. जुने कागद मात्र आपोआप त्यात येत नाहीत. छायाचित्र काढून ते आपणच चढवावे लागतात. आणि गल्लीतील ज्या डॉक्टरांकडे आपण वर्षानुवर्षे जातो त्यांचा लहानसा दवाखाना या दोऱ्यात अजून ओवलेला नसण्याचीच शक्यता अधिक.

माझा खरा घोर वेगळा आहे. आपल्याकडे संमती म्हणजे ओटीपी. तो ज्या मोबाइलवर येतो, किल्ली त्याच्या हाती. अनेक घरांत आई-वडिलांच्या आधारला मुलाचा मोबाइल क्रमांक जोडलेला असतो. मुलगा पुण्यात, बंगळुरूत किंवा अमेरिकेत. साताऱ्याच्या दवाखान्यातून वडिलांची संमती मागितली जाते आणि ती सान होजेतून दिली जाते. मुलाच्या मनात काळजीच असते, यात शंका नाही. पण वडिलांना उदासीनतेसाठी गोळी सुरू झाली असेल, किंवा आईला असा काही आजार असेल की जो तिला मुलाला आपल्या तोंडाने, आपल्या वेळी सांगायचा आहे, तर? काळजी घेणाऱ्याला सर्व कळले पाहिजे, हे आपण गृहीत धरतो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाबाबत ते खरेही आहे, आणि तेथे कोणी पाहावे हे विचारशक्ती शाबूत असतानाच ठरवून ठेवणे शहाणपणाचे. एरवी ज्याचा देह, त्याची वही. ज्यांना साधा का होईना, स्वतःचा मोबाइल वापरता येतो त्यांनी स्वतःचाच क्रमांक जोडून घ्यावा. आणि मुलांनी आई-वडिलांचा आभा क्रमांक काढताना त्यांना शेजारी बसवून, पडद्यावर काय लिहिले आहे ते वाचून दाखवावे. त्याला पंधरा मिनिटे अधिक लागतील.

परतल्यावर महिनाभराने यजमानांची नेहमीची तपासणी होती. नोंदणीच्या खिडकीशी क्यूआर कोड लावलेला होता. यजमानांनी आपल्या मोबाइलने तो टिपला, नाव-पत्ता आपोआप गेला, टोकन आले; रांगेतला अर्धा तास वाचला म्हणून ते खूश झाले. मग त्यांनी निळी पिशवी खिडकीच्या फळीवर ठेवली आणि आतल्या मुलाला विचारले, "बाळा, माझे कागद आजवर कोणी कोणी उघडले, ते मला येथे पाहायला मिळेल का?"

मुलाने मान वर केली. असा प्रश्न त्याला पूर्वी कोणी विचारला नसावा. त्याने शेजारच्या खिडकीतील बाईंना विचारले, बाईंनी आत दूरध्वनी लावला, आणि आमच्या मागे रांग हळूहळू वाढू लागली. यजमान फळीवरून हात न काढता उभे राहिले.